मुठीत धरलेला लोळक

घंटा मुक्ताने शोधून काढली. मी ती लपवली नव्हती. आईच्या कपाटात, तिच्या दोन सुती साड्यांच्या मध्ये, एका जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवली होती, इतकंच. देवघरातल्या संगमरवरावर तिच्या बुडाचा गोल डाग राहिला आहे. आई गेल्यापासून रोज पूजा करताना माझा हात सवयीने त्या डागाकडे जातो आणि रिकामा परत येतो.

मुक्ता माझी मुलगी, सहा वर्षांची. तिने पंचा उलगडला, घंटा दोन्ही हातांत धरली आणि विचारलं, "मम्मा, उद्या ही न्यायची ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आजीने. तू छोटी असताना दाताच्या डॉक्टरकडे नेलेली. ही वाजली की डॉक्टर थांबतात."

तिने घंटा हलवायला हात उचलला आणि मी नकळत पुढे होऊन तिचं मनगट धरलं. घंटेच्या आतला लोळक एका बाजूला कलंडला आणि तसाच राहिला. आवाज झाला नाही. "उद्या," मी म्हणाले. "उद्या वाजव."

उद्याच्या दिवसाला मी तिच्याहून जास्त घाबरले होते. उजवीकडचा खालचा मागचा दात आतून पोखरला होता, गालाला एकदा सूज येऊन गेली होती. पहिल्यांदा आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथे कोणी वाईट नव्हतं, पण घाई होती. एकीने तिचे हात धरले, दुसरीने डोकं. त्या दिवसापासून दात घासायच्या ब्रशलाही ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. मग कोणीतरी गंगापूर रोडवरच्या, फक्त लहान मुलांचे दात बघणाऱ्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी पहिल्या भेटीत तिच्या तोंडाला हातही लावला नाही. खुर्ची खालीवर करून दाखवली आणि मला बाहेर बोलावून शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी ती बसली आणि तोंड उघडलं, तर इथेच करू. नाही उघडलं, तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन करावं लागेल. तेही आम्ही नेहमी करतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण आता फार थांबता येणार नाही."

भूल हा शब्द ऐकला आणि माझे तळवे गार पडले. आईला ऑपरेशनसाठी भूल दिली होती. दाराच्या आत गेली ती माझी आई होती, बाहेर आली ती काही दिवसांनी मला विचारू लागली, "बाई, तुमचं घर इथे जवळच आहे का?" डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, वय, जुनं दुखणं, आणखी काय काय. मला सगळं समजलंही होतं. पण समजलेलं एकीकडे राहतं आणि तळवे गार पडायचे ते पडतात.

मुक्ता झोपायला गेली तेव्हा घंटा तिच्या दप्तरावर ठेवलेली होती. लहानशीच आहे, पितळी, वर हात जोडून बसलेला गरुड. गरुडाचं नाक घासून घासून गेलं आहे. मी ती नाकाशी नेली. पितळेचा तो आंबट, ओलसर वास आला आणि त्यामागून, खरं तर यायला नको होता, लवंगेच्या तेलाचा.

*

माझे दात मनुकांनी खाल्ले, असं आमच्या घरात म्हणायचे.

मामाची द्राक्षं दिंडोरीला. द्राक्षांचे दिवस संपत आले की राहिलेला माल तो वाळवायला घालायचा. जाळ्यांच्या एकावर एक मांडण्या, वर कापडाचं छप्पर, आणि त्याखाली शिरलं की उन्हाचा आणि आंबूसगोड असा एक वास अंगाला चिकटायचा. हिरव्या मण्यांना हळूहळू सुरकुत्या पडत, ते पिवळे होत, मग तपकिरी. मधमाश्या इतक्या असत की सावलीच गुणगुणते आहे असं वाटे. मामा दरवर्षी पत्र्याचा एक मोठा डबा भरून घेऊन यायचा, पायरीवर बसून पाणी प्यायचा आणि माझ्याकडे बघून आईला म्हणायचा, "पोरगी लय वाळलीय गं. अंगात रक्त हाय का नाय? रोज मनुका देत जा तिला."

"देते रे."

"दोन-चार नाय. चांगल्या मूठभर दे. घरचं हाय, विकत थोडंच आणायचंय?"

आई द्यायची. दिवसभर तर द्यायचीच, पण खरा मान रात्रीच्या मनुकांचा. दूध पिऊन झालं, अंथरुणावर आडवी झाले, की तिची बोटं अंधारात माझे ओठ शोधायची. एक मनुका उजव्या गालात, एक डाव्या. "चावू नको. चघळ. हळूहळू उतरू दे." मग तिचा हात पाठीवर. मनुका फुगत जायची, मऊ व्हायची, गोड धार घशाकडे सरकायची, आणि झोप नेमकी कुठून सुरू झाली ते कळायचं नाही. त्या काळातली सगळी सुरक्षितता माझ्या आठवणीत त्या चवीची आहे. सकाळी मागच्या दातांच्या खाचांत काहीतरी चिकट काळं राहिलेलं असे, जिभेने ते शोधायचा खेळ होता.

मग एका वर्षी दात ठणकायला लागला. आईने लवंग कुटून कापसात धरली, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, जुन्या साडीची पट्टी हनुवटीखालून डोक्यावर बांधली. ठणका पट्टीच्या आत शिरून बसला. शेवटी आम्ही रविवार कारंजाच्या बाजूच्या दवाखान्यात गेलो.

तो जिना मला अजून पाय ठेवल्यासारखा आठवतो. लाकडी, अरुंद, मधल्या पायऱ्यांना खोल खळगे पडलेले. खाली भांड्यांची दुकानं. तांब्या-पितळेवर हातोडी पडत असायची, ठण ठण ठण, आणि वर चढत जावं तसा तो आवाज पुसट होत दुसरा आवाज सुरू व्हायचा, बारीक, न थांबणारा, यंत्राचा. दोन्हींच्या मधल्या पायरीवर मी थांबले. वरून स्पिरिटचा आणि लवंगेच्या तेलाचा वास उतरत होता. घरात कापसाला येणारा तोच वास, पण इथे तो ओळख दाखवत नव्हता. बाकावर एक मुलगा आईच्या पदरात तोंड खुपसून बसला होता आणि आतून दुसरं कोणीतरी मूल रडत होतं, शब्द नसलेलं, लांबलचक. त्या मुलाची आई म्हणत होती, "काही दुखत नाही रे, काही दुखणार नाही." रडणं आतून आणि हे वाक्य बाहेरून. दोन्ही एकदम ऐकू येत होतं, आणि त्यातलं खरं कोणतं ते मला कळत होतं.

मी पळाले. खाली नाही, तेवढा धीर नव्हता. अर्ध्या जिन्यावर जाऊन भिंतीशी बसले. आई वरून हाका मारत राहिली. मग जिना करकरला आणि पांढऱ्या डगल्यातला एक उंच माणूस येऊन माझ्या वरच्या पायरीवर बसला. त्याच्या हातांना साबणाचा वास होता.

"खालचा हातोडीवाला माझ्यापेक्षा जोरात ठोकतो," तो म्हणाला. "त्याला कोणी घाबरत नाही. हा अन्याय आहे."

मी भिंतीकडे तोंड वळवलं.

"मी तुला दुखणार नाही असं सांगणार नाही. थोडं दुखेल. पण कधी थांबायचं ते तू ठरवायचं. तू सांगितलंस की मी थांबणार. तोंडात माझी बोटं असतील, तर सांगशील कशी?" त्याने थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "घरून काहीतरी वाजणारं घेऊन ये."

आई वरून म्हणाली, "खुळखुळा चालेल का डॉक्टरकाका?"

"खुळखुळा नको. शाळेत जाते ती. तिच्या शब्दाला वजन पाहिजे."

त्या दिवशी त्यांनी फक्त आरसा आत घालून पाहिलं, आणि पाहता पाहता विचारलं, "रात्री काय खाते ही?"

"मनुका," आई म्हणाली. आवाजात जरा अभिमान होता. "भावाच्या शेतातल्या. रक्त वाढतं म्हणून."

"रक्त वाढलं असेल," डॉक्टरकाका म्हणाले. "दात गेले. रात्रभर तोंडात गूळ धरून ठेवण्यासारखं आहे ते."

ते रागावले नव्हते. पण मी खुर्चीत आडवी होते आणि आईचा चेहरा मला उलटा दिसत होता, कपाळ खाली, हनुवटी वर. उलट्या चेहऱ्यावरचं दुःख पहिल्यांदा पाहिलं मी. घरी येताना तिने भद्रकालीपर्यंत माझा हात सोडला नाही. त्यानंतर आमच्या घरात मनुका सकाळी मिळू लागल्या, गुळणी करून. शिऱ्यातसुद्धा ती मोजून-मापून घालायची, जणू औषध आहे. मामाने विचारलं तर म्हणायची, "पुष्कळ झालं रे रक्त."

पुढच्या वेळी जायच्या दिवशी आई देवघरासमोर उभी राहिली, घरातल्या वाजणाऱ्या सगळ्या वस्तू तिने मनातल्या मनात वाजवून पाहिल्या असाव्यात, आणि मग तिने घंटा उचलली. नैवेद्याचं ताट तिथेच तयार होतं. "आज देवांचं जेवण बिनघंटेचं," ती देवांना म्हणाली. "एक दिवस चालवून घ्या." मग हातरुमालात बांधून घंटा पिशवीत टाकली.

खुर्चीत ती माझ्या हातात आली. डॉक्टरकाकांनी आरसा, चिमटा, पाण्याची नळी, एकेक वस्तू आधी मला दाखवली, काय करते ते सांगितलं, माझ्या नखावर करून दाखवली. इंजेक्शनच्या सुईचं मात्र फक्त सांगितलं. "आता मुंगीचा मोठा भाऊ चावेल. तयार?" त्यांचा आवाज सतत चालू होता. आईने माझा पाय, घोट्यापाशी, धरून ठेवला होता. मग यंत्र सुरू झालं. कवटीच्या आत कोणीतरी दगडी पाट्याला टाकी लावतं आहे असा तो आवाज. डोळ्यांत पाणी येत होतं आणि दिवा त्यात फुटून तुकडे तुकडे होत होता.

मी घंटा वाजवली नाही.

दुखलं नाही म्हणून नव्हे. मी लोळक मुठीत घट्ट धरून ठेवला होता, चुकूनही हलू नये इतका घट्ट. दुखण्यापेक्षा मला दुसरंच भय वाटत होतं: मी वाजवली आणि ते थांबलेच नाहीत तर? मोठी माणसं सांगतात एक, करतात एक. वाजवली नाही तोपर्यंत ते थांबणारे होते. वाजवली की कळणार होतं. ते कळायला नको होतं मला.

"वाजव की," डॉक्टरकाका मधेच म्हणाले. "मी वाट बघतोय. हात भरून आले माझे, तुझ्यामुळे विश्रांती मिळेल."

मी मूठ आणखी आवळली.

खाली उतरताना आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, एकदासुद्धा वाजवली नाही, माझं शहाणं बाळ ते. घरी आल्यावर तिने घंटा चिंच लावून घासली, कुंकवाचं बोट लावलं आणि जागेवर ठेवली. माझ्या तळहातावर लोळकाचा गोल वळ होता आणि पितळेचा वास. तो दोन दिवस गेला नाही.

*

पन्नाशीकडे झुकताना माणूस अशा गोष्टी विसरतो. मीही विसरले होते. आमचं घर इंदिरानगरला आलं, जिने सिमेंटचे झाले, देवघर भिंतीवरच्या एका कोनाड्यात मावलं. मुक्ताचे बाबा रेल्वेत, मनमाडला. आठवड्याच्या शेवटी येतात. मधले दिवस आम्ही तिघी असायचो.

आई शेवटच्या वर्षात खिडकीपाशी होती. आवाज बारीक झाला होता, म्हणून मी घंटा तिच्या उशाशी ठेवली. काही लागलं तर वाजव म्हटलं. सुरुवातीला ती कशालाही वाजवायची. चहाला, पडद्याला, खिडकीवर बसलेल्या साळुंकीला. मुक्ता स्वयंपाकघरातून ओरडायची, "आजीची आरती सुरू झाली," आणि धावत जायची. मुक्ता झोपायचीही तिच्याच खोलीत. आईला माझं नाव आठवत नसे त्या दिवसांतसुद्धा मुक्ता ही कोणीतरी आपली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग पडून पडून पाठीला जखमा झाल्या. दुपारी एक सिस्टर यायच्या. हातांना हलक्या, बोलायला गोड. आईला कुशीवर वळवायच्या, जुनं ड्रेसिंग भिजवून सोडवायच्या. त्या भिजवत असतानाच आईचा हात उशाशी जायचा आणि घंटा वाजायची. एकदा. मग ती माझ्याकडे बघायची.

सिस्टर म्हणायच्या, "झालं हां आजी, झालंच. आता नाही दुखणार."

घंटा पुन्हा वाजायची. ती माझं नाव विसरली होती, घराचा पत्ता, स्वतःचं गाव. पण वाजली की थांबायचं, हा करार तिच्यात कुठेतरी शाबूत होता, आणि मी तो मोडते आहे असं तिच्या डोळ्यांत दिसायचं. थांबून चालणार नव्हतं. जखम तशीच ठेवता येत नव्हती. मी तिचा हात धरायचे, घंटेसकट. खाली शाळा सुटलेली असायची, रिक्षांचे हॉर्न, मुलांचे आवाज, आणि त्यात ती बारीक किणकिण, मग आणखी एकदा, मग थकून अर्धीच.

म्हणून पंचा. म्हणून कपाट.

*

दुसऱ्या दिवशी मुक्ता खुर्चीत स्वतः चढली. छतावर निळे मासे रंगवलेले आहेत, त्यांच्याकडे ती बघत राहिली. ओठ मिटलेले. घंटा पोटावर. मी शेजारच्या स्टुलावर बसले आणि, कोणी न सांगता, तिचा पाय घोट्यापाशी धरला.

डॉक्टरांनी घंटा पाहिली. "ही कशाला?"

मुक्ता ओठ न उघडता माझ्याकडे बघू लागली. मग मी सांगितलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मुलं हात वर करतात. हे जास्त चांगलं. मुक्ता, वाजली की मी थांबणार. कबूल. आता मला एक सांग, रात्री झोपताना तू काय खातेस?"

"काही नाही देत आम्ही," मी म्हणाले.

मुक्ताने ओठ सोडले. "आजी द्यायची."

"काय द्यायची?"

"मनुका. एक इकडे, एक इकडे." तिने दोन्ही गालांना बोट लावून दाखवलं. "चावायच्या नाहीत. चघळायच्या. आणि मम्माला सांगायचं नाही. मम्माला कळलं तर ती दाताच्या डॉक्टरकडे नेते."

मामाचा दिवाळीतला मनुकांचा डबा आईच्या उशाशी असायचा. ती गेल्यावर मी तो रिकामा, आतून चिकट, उचलून नेला होता आणि गरम पाण्याने घासून टाकला होता. इतका कसा चिकट झाला, असा विचारही केला नव्हता. सगळं पुसलं गेलेल्या त्या डोक्यात अंधारातली ती बोटं तेवढी राहिली होती. ओठ शोधणारी. ओठ माझे नव्हते, इतकाच काय तो फरक.

"आजी कुठे असते?" डॉक्टरांनी विचारलं.

"आता नसते," मुक्ता म्हणाली.

डॉक्टर तिच्या अंगावरचा नॅपकिन सारखा करत म्हणाल्या, "मग हा दात आपण काढायचा नाही. आतून स्वच्छ करायचा आणि वर चांदीसारखी टोपी घालायची. तू मोठी झालीस की तो त्याचा त्याचा पडेल. चालेल?"

"दुखेल?"

मला पुढे होऊन ते वाक्य म्हणावंसं वाटलं. सगळ्या आयांना वाटतं तसं. डॉक्टर म्हणाल्या, "थोडं. सुरुवातीला. कधी ते मी आधी सांगेन."

त्यांनी हिरडीला गुलाबी जेली लावली, नळीतलं पाणी तिच्या नखावर उडवलं, थुंकी ओढून घेणारी नळी तिच्या तळहाताला लावून तिला हसवलं. मग म्हणाल्या, "आता चिमटा. मोठा." मुक्ताचा घोटा माझ्या हातात ताठ झाला. घंटा वाजली नाही. दिवा खाली आला. यंत्र सुरू झालं, बारीक, पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक, पण तोच सूर. मी छतावरचे मासे बघत होते आणि कानात सगळं अंग गोळा करून त्या एका आवाजाची वाट बघत होते. तो येऊ नये म्हणून. आला तर मी काय करीन, मला ठाऊक नव्हतं.

तो आला. एकदाच, स्वच्छ, खोलीभर.

यंत्र थांबलं. डॉक्टरांनी दोन्ही हात वर धरले. पाण्याचा एक थेंब नळीच्या टोकावरून पडला तोही ऐकू आला.

"थांबले. दुखलं?"

मुक्ताने मान हलवली. नाही.

"मग?"

"बघत होते," ती बधिर ओठांनी म्हणाली.

"काय बघत होतीस?"

"थांबता का."

आणि मग कोणी न सांगता तिने तोंड उघडलं, मोठं, मागच्या दातापर्यंत.

पुढे तिने दोनदा वाजवली आणि दोन्ही वेळा त्या थांबल्या. मग यंत्र बंद असतानाच तिने घंटा माझ्याकडे सरकवली. "मम्मा, माझा हात दुखला. तू धर. मी तुला बोट लावलं की वाजव."

मी घंटा घेतली. गरुडाचं झिजलेलं नाक अंगठ्याला लागलं, तिच्या हाताची ऊब अजून होती. काम पुन्हा सुरू झालं. जरा वेळाने मी खाली पाहिलं, तर माझी मूठ घट्ट आवळलेली होती आणि लोळक आत होता.

मुक्ताचं बोट माझ्या गुडघ्याला लागलं.

यंत्र चालू होतं. तिने पुन्हा बोट लावलं. मी मूठ उघडली आणि घंटा हलवली.

डॉक्टर थांबल्या.